मथुराकाकूंच्या कर्णप्राप्तीची बखर

श्री. ज्या गजवदनाचे कान सुपाएवढे आणि जो कोपऱ्यात बसल्या भक्ताचे पुटपुटणेही ऐकतो, त्यास आधी साष्टांग नमस्कार, मग शारदेस, मग त्या सर्व थोर मंडळींस, ज्यांस काही ऐकू येत नाही आणि तरीही जी "हो हो, कळलं" म्हणोन मान डोलवितात. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणापासोन आश्विनापर्यंत एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचा मीठमसाला घातला तो चवीपुरता.

राज्य म्हणावे तर चार इमारतींचे, मध्ये फरशीचे अंगण, एका अंगास पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगास दुचाक्यांची पागा, आणि वेशीवर एक पहारेकरी, तो बहुतकरून निद्रिस्त. राज्याचा कारभार चेअरमन म्हणोन एक गृहस्थ पाहात, परंतु खरी सत्ता दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर, मथुराबाई केळशीकर यांचे हाती. यांस सारे राज्य मथुराकाकू म्हणे. यजमान कैलासवासी, पुत्र अभिराम नोकरीत खुशाल, आणि काकूंचा दरारा ऐसा की त्या अंगणात आल्या म्हणजे वाळत घातलेले पापडही नीट सरळ होत. या दराऱ्याचे मूळ भोंडल्यात. आश्विनात हस्त नक्षत्र लागले म्हणजे राज्यातील लेकीसुना पाटावर हत्ती काढीत, त्याभोवती फेर धरीत, गाणी म्हणत, आणि गाणी सरली म्हणजे ज्या घरची पाळी त्या घरची बाई झाकलेला डबा आणोन सर्वांपुढे खुळखुळवी, आणि आत काय खिरापत आहे ते इतरांनी आवाजावरोन ओळखावे ऐसा रिवाज. यात मथुराकाकू अजिंक्य. डबा एकदा हलला की काकू बोलत, "शंकरपाळे. गोडे. आणि जरा जास्तच तळलेत." मग झाकण निघावे तो आत शंकरपाळेच, गोडेच, आणि कडेने काळपटच. करणारीने तोंडात बोट घालावे आणि काकूंनी पहिला घास घ्यावा. लग्न होऊन या राज्यात आल्यापासोन काकू एकदाही हरल्या नव्हत्या.

परंतु काळ कोणास सोडतो? काकूंचे कान हळूहळू फितूर जाहले. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी गेली, मग लोकांची वाक्ये शेवटाकडोन कुरतडली जाऊ लागली, आणि काकूंनी येविशी कोणाजवळ चकार शब्द काढिला नाही. राजाने आपला बुरूज ढासळला हे वेशीवर ओरडोन सांगावे काय? मग काकूंनी दुसरी विद्या साधिली. कान गेले तेथे डोळे नेमिले. भोंडल्याच्या दिवशी सकाळीच कोणाच्या पिशवीतोन रव्याचा पुडा डोकावतो, कोणाच्या बोटांस हळद लागली, कोणाच्या खिडकीतोन तुपाचा वास येतो, हे सारे काकू टिपोन घेत. मग डबा हलला म्हणजे एकेक नाव सावकाश उच्चारीत, "लाडू म्हणावं... की वडी म्हणावी... की करंजी..." आणि डबेवालीची भुवई ज्या नावास उडे तेथे शिक्का मारीत. गादी शाबूत राहिली. सारे राज्य म्हणे, काकूंचे कान म्हणजे कान! काकू हे मुखावरोन वाचीत आणि गोड हसत.

ऐसे असता दोन वर्षांमागे अभिरामाचे लग्न होऊन शर्वरी सूनबाई घरात आल्या. मुलगी गुणाची, हाताला चव, परंतु बोलणे अतिशय हळू, तेही ओट्याकडे तोंड करोन. "आई, चहा ठेवू?" ऐसे त्यांनी पहिल्या सकाळी विचारिले आणि उत्तर आले नाही. "आई, भाजी कुठली करू?" उत्तर नाही. "आई, मी येते हं ऑफिसला जाऊन," तरी काकू गव्हातील खडे वेचीत बसलेल्या. सूनबाईंनी मनात म्हटले, या माझ्यावर नाराज आहेत. इकडे काकू मनात म्हणत, काय ही सून, तोंडाला कुलूप घालोन आली आहे, घरात माणूस आहे की सावली? मग रात्रीच्या जेवणाआधी एकीने अभिरामास खोलीत गाऱ्हाणे सांगावे, दुसरीने जेवणानंतर गॅलरीत सांगावे, आणि त्या बिचाऱ्याने दोन्हीकडे "बघतो, बघतो" म्हणोन वेळ मारोन न्यावी. तो बोले मोठ्याने, आवाज घोगरा, म्हणोन त्याचे तेवढे काकूंस ऐकू जाई, आणि त्यामुळे आपल्या कानांस काही जाहले आहे हे त्याच्याही ध्यानी आले नाही. पुत्र ऐसेच असतात.

होता होता मसलत ऐसी ठरू लागली की दसऱ्यानंतर नवराबायकोने पुलापलीकडे भाड्याचे घर घेऊन निराळे राहावे. काकूंस कोणी सांगितले नव्हते, परंतु डोळे होते ना! घराच्या दलालास त्यांनी दोनदा जिन्यात पाहिले आणि गॅलरीत रिकामी खोकी जमू लागली तीही पाहिली. तेव्हा काकूंचे काळीज चरकले. एकटीने ताट वाढोन घ्यायचे, एकटीने आवरायचे, आणि का, तर सुनेला आपण नकोशा जाहलो. हे दुःख त्यांनी कोणास सांगितले नाही. पोथी उघडोन बसत आणि पान उलटीत नसत.

श्रावणात एके सकाळी आशासेविका रुक्मिणी वाघमारे राज्यात दाखल जाहल्या. या बाईंस हरएक घरची नस ठाऊक. दार वाजवोन काकूंपुढे उभ्या राहिल्या आणि चांगल्या खड्या आवाजात बोलत्या जाहल्या, "काकू, समाजमंदिरात कानांची तपासणी आहे, दोन दिवस. नगरपालिकेच्या दवाखान्याची गाडी येणारे, मंडळाची पोरं मदतीला आहेत. तपासणी फुकट, आणि ज्याला लागेल त्याला मशीनबी फुकट. याल ना?"

"मला काय धाड भरलीय? माझे कान खणखणीत आहेत!" काकू उत्तरल्या, आणि त्यात इतका जोर होता की वरच्या मजल्यावरोन कोणीतरी डोकावले.

"मग तेच दाखवायला या की," रुक्मिणीबाई हसोन म्हणाल्या. "तुम्ही आलात की बाकीच्या पण येतील. नाहीतर सगळ्या म्हणतात, आम्ही काय म्हाताऱ्या झालोत का!"

हे बोलणे वर्मी लागले. मोहिमेचे सेनापतिपद चालत आले असता मथुराकाकू ते टाकतील? दुसरे दिवशी नारळी काठाची साडी नेसोन खासा स्वारी निघाली, मागे बारा-पंधरा बायका, काही आजोबा, काठ्या, पाण्याच्या बाटल्या, एक थर्मास, आणि समाजमंदिराच्या दारात पोहोचताच सर्वांनी "काकू आधी, काकू आधी" म्हणोन वाट दिली.

दाराशी गाडी उभी, गाडीत एक काचेची खोली, आणि काचेपलीकडे यंत्र घेऊन बसलेली मुलगी, तिचे नाव तबस्सुम मुजावर. कानांच्या विद्येत निपुण, बोलणे आर्जवी. तिने काकूंस आत बसविले, कानांवर हेडफोन चढविले, हातात बटण दिले आणि खुणा करोन समजाविले की बारीक आवाज आला म्हणजे दाबावे. मग ती पलीकडे जाऊन बसली. काकूंस आवाज ठार ऐकू येईना. परंतु समोर काच, काचेपलीकडे मुलगी, मुलीचा हात यंत्रावर! ही तर रोजची लढाई. मुलीचे बोट किंचित हलले की काकूंनी बटण दाबिले, मुलीने नजर वर केली की दाबिले, आणि एकदा मुलीने नाक खाजविले तेव्हाही दाबिले. डबेवालीच्या भुवया वाचण्यात ज्यांची वर्षे गेली त्यांस हे पोरीचे बोट काय जड?

तपासणी सरली. तबस्सुम बाहेर आली आणि हसोन बोलली, "काकू, तुम्ही फार हुशार आहात. पण उद्या परत या हं. उद्या आपण खुर्ची भिंतीकडे फिरवून तपासू." यातील एक अक्षर काकूंस कळले नाही. त्यांनी हसू तेवढे पाहिले आणि ते आपल्या विजयाचे समजोन बाहेर येऊन जाहीर केले, "पास!" बायकांनी टाळ्या वाजविल्या.

परंतु परतताना एक गोष्ट घडली ती काकूंच्या मनात घर करोन राहिली. पहिल्या इमारतीतील गुरव आजोबा तेथे बसले होते आणि त्यांच्या कानांत नमुन्याचे मशीन घालोन पाहात होते. त्यांची बायको शेजारी उभी राहोन काही बोलली. आजोबा दचकले. मग तिच्याकडे वळोन, डोळे भरोन आले असता ओरडले, "अगं, तुझा आवाज आहे तसाच आहे!" हे इतके मोठ्याने की काकूंसही ऐकू गेले. गुरव आजी लाजोन पदराआड. सारी मंडळी हसली, आणि काकूही हसल्या, परंतु घरच्या वाटेवर दोनदा मागे वळोन पाहिले. मनात येऊ लागले, मी पास काय जाहले! हातचे घालवोन बसले. आता कोणत्या तोंडाने जाऊन सांगू की मला ऐकू येत नाही? सांगावे तर ही तपासणी खोटी आणि ती खिरापतही खोटी, मग इतक्या वर्षांची गादी एका दमात गेली. न सांगावे तर हे ऐसेच चालावे.

त्याच संध्याकाळी सूनबाई काकूंपुढे येऊन बसल्या. आज ओट्याकडे तोंड नव्हते. बोटांत ओढणीचे टोक गुंडाळीत त्यांनी बहुत बोलणे केले, आणि त्यांच्या आवाजात कंप होता तो लेखकास ठाऊक, काकूंस नव्हे. बोलणे ऐसे होते: "आई, आम्ही वेगळं राहायला जायचं म्हणतोय. पण तुम्ही एकदा जाऊ नका म्हणालात ना, तर मी नाही जाणार. खरंच नाही जाणार. जाऊ का?" काकूंनी मुख पाहिले. डोळ्यांत पाणी पाहिले. काही मागते आहे इतके ओळखिले. माहेरी जायचे असेल, श्रावण आहे, लेकरू हळवे जाहले. मग प्रेमानेच मान हलवोन म्हणाल्या, "हो हो, जा की! खुशाल जा!" सूनबाई उठल्या आणि आत गेल्या.

सकाळी अभिराम दाढी करता करता घोगऱ्या आवाजात बोलला, "आई, निदान एकदा तरी नको म्हणायचंस! शर्वरीनं विचारलं, आम्ही वेगळे राहू का, तर तू म्हणालीस खुशाल जा? रात्रभर रडत होती ती."

काकूंच्या तोंडचे पाणी पळाले. हातातील वाटी ओट्यावर ठेविली ती कलंडली आणि दही सांडले, त्याकडेही पाहिले नाही. ज्या डोळ्यांवर राज्य चालविले त्या डोळ्यांनी ऐन वेळी दगा दिला, हे त्यांस लख्ख कळोन चुकले. सूनबाई कामावर निघोन गेल्या होत्या. मग काकूंनी पायांत सपाता सरकविल्या आणि घरच्या साडीनिशी, केसही न विंचरता, एकट्या समाजमंदिराची वाट धरिली. वाटेत कोणी "काकू, कुठे?" म्हणोन विचारिले असेल तर देव जाणे.

समाजमंदिरात मंडळी दाटोन बसली होती. काकू थेट तबस्सुमपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि ज्यांस आपला आवाज किती मोठा आहे हे उमगत नाही त्या आवाजात बोलल्या, "पोरी, काल मी तुला फसवलं! मला काही ऐकू येत नाही! तुझं बोट बघून बटण दाबत होते मी!"

थर्मासातला चहा ओतणारी बाई ओततच राहिली.

तबस्सुमने काकूंचे दोन्ही हात धरिले, त्यांच्या अगदी समोर आली आणि ओठ नीट हलवोन मोठ्याने बोलली, "काकू, मला कालच कळलं होतं! मी आवाज सोडायच्या आधीच तुम्ही दाबत होतात! म्हणून तर आज बोलावलं होतं तुम्हाला!"

"बोलावलं होतंस? कधी?"

"काल! हसून सांगितलं की!"

मग काकूंस हसू फुटले, आणि हसता हसता रडू आले, आणि रुक्मिणीबाईंनी पुढे होऊन पाठीवरोन हात फिरविला. त्याउपरि खुर्ची भिंतीकडे फिरविली. समोर पोपडे आलेली भिंत, भिंतीस ना भुवई ना बोट. काकू बसल्या आणि ऐकू लागल्या. कितीतरी वेळ काही नाही. मग दुरोन काही आले, आणि काकूंनी बटण दाबिले ते खरे दाबिले. निकाल ऐसा लागला की दोन्ही कानांस मशीन पाहिजे. मग कानांत मऊ लगदा भरोन साचे घेतले आणि सांगितले की घरी बसा, तयार जाहले की रुक्मिणीबाई निरोप आणतील.

संध्याकाळी सूनबाई दारात पाऊल टाकतात तो काकू उंबऱ्याशी उभ्या. "शर्वरी, बस इथं. मला ऐकू येत नाही गं. तू या घरात आल्यापासून तुझं एक अक्षर मला ऐकू आलेलं नाही. काल तू काय विचारलंस तेही नाही. मी आपली मान हलवली. माझा मेलीचा ताठा नडला, नाहीतर आधीच सांगितलं असतं."

सूनबाई पिशवी खांद्यावर तशीच ठेवोन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, आणि काकूंस कळले नाही म्हणोन पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा तर जिवाच्या आकांताने ओरडल्या, "म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?"

"छे गं! मला वाटायचं तूच रागावलीयस!"

हे जिन्यातोन चारी इमारतींस ऐकू गेले. कोणी मुद्दाम कान देण्याची गरज पडली नाही.

इतके जाहले तरी दोन वर्षांची अढी एका दिवसात निघोन जाते ऐसे नाही. खोकी गॅलरीत तशीच राहिली, नव्या घराच्या किल्ल्याही घरमालकाने झाडलोट करण्यास देऊन ठेविल्या, आणि जाण्याचा विषय कोणी काढीना. काकूंनीही काढिला नाही. एकदा तोंडाने जा म्हटले, आता राहा म्हणोन कोणत्या हक्काने गळ घालावी, ऐसा त्यांस संकोच. परंतु सूनबाई आता समोर येऊन बोलत, खणखणीत बोलत, आणि ऑफिसातील साहेबापासोन भाजीवाल्यापर्यंत सर्वांच्या नकला करीत. काकू मनात म्हणत, ही पोर इतकी बोलकी, आणि मी हिला सावली म्हणत होते!

भाद्रपद सरता रुक्मिणीबाई निरोप घेऊन आल्या आणि दवाखान्यात तबस्सुमने मशीन कानांमागे बसवोन सुरू केले. पैसा एक पडला नाही. काकूंनी प्रथम काय ऐकिले? खुर्चीचा करकर आवाज. मग आपल्याच बांगड्या. घरी येऊन म्हणाल्या, "एवढं कोण घोंघावतंय?" तर तो पंखा. "हे काय कडकड?" तर अभिराम पोहे खातो आहे. पहिले दोन दिवस डोके भणभणले आणि काकूंनी मशीन काढोन ठेविले, मग सूनबाईंनी पुन्हा घातले, आणि हळूहळू कान आणि जग यांची ओळख नव्याने जाहली. कुकरची शिट्टी ऐकली तेव्हा काकू ऐशा हरखल्या की भाताचा पार लगदा होईतो गॅस बंद करावयाचे विसरल्या.

मग आश्विन आला आणि भोंडल्याचा फेर जमला. गाणी सरली, तेव्हा मथुराकाकू मध्ये येऊन बोलल्या, "ऐका गं सगळ्या. गेली काही वर्षं मी खिरापत ओळखली ती तुमची तोंडं बघून. आज मी तुमच्याकडे पाठ करून बसणार. काय व्हायचं ते होऊ दे." बायकांत एकच गलका. "म्हणजे आमच्या भुवया!" "तरीच काकू टक लावून बघायच्या!" कोणी रागावली नाही, उलट एकीने दुसरीची भुवई चिमटीत धरिली आणि हसोन हसोन पुरेवाट.

काकू टाकीकडे तोंड करोन बसल्या. पहिला डबा हलला. "शंकरपाळे!" निघाले खारे शेंगदाणे. दुसरा हलला. "चिवडा!" निघाले बत्तासे. काकू सपशेल हरल्या, आणि मांडीवर थाप मारोन म्हणाल्या, "गेली बाई गादी! सवयच गेली कानांची!" राज्यात हरलेला राजा इतका खूश कोणी पाहिला नव्हता.

मग सूनबाई स्टीलचा डबा घेऊन काकूंच्या पाठीशी आल्या आणि तो हलविला. काकूंनी मान कलती केली. "पुन्हा हलव," म्हणाल्या. पुन्हा हलला. काकूंचा चेहरा उतरला, कारण तो आवाज ओळखण्यास शंकेस जागा नव्हती.

"हे खायचं नाही. किल्ल्या आहेत."

"काकू, किल्ल्यांची कधी खिरापत असते का?" बायका हसल्या.

"बरोबर आहे," मागोन सूनबाई बोलल्या, पूर्वीच्याच हळू आवाजात, आणि काकू टाकीकडे पाहात असता तो शब्द न शब्द त्यांस पोहोचला. "पुलापलीकडच्या घराच्या आहेत. उद्या मालकाला परत द्यायच्यात. मी एकटीच जाऊ, की तुम्ही येता बरोबर?"

काकू लागलीच वळल्या नाहीत. मुख पाहावे, भुवई पाहावी, याची आज गरजच नव्हती. पदराने डोळे टिपले आणि तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "येते की. पण शर्वरी, खरी खिरापत कुठंय? मला भूक लागलीय."

येणेप्रमाणे एका राज्याची दोन राज्ये होता होता राहिली. काकूंस कान मिळाले आणि गादी गेली, ती पहिल्याच डब्यात चकविणाऱ्या शेंगदाणेवालीने घेतली. सूनबाईंस सासू मिळाली, आणि रिकामी खोकी रद्दीवाला घेऊन गेला. हल्ली सासूसुना ओट्याशी जे बोलत बसतात ते अभिरामास दाराबाहेरही ऐकू येते, आणि तो बापडा कानांत कापूस घालोन हिंडतो. हे लिहिणारा त्यांच्या दारी अधिक मजकूर पुसावयास गेला होता. त्यास कोणी बोलू दिले नाही, चहा मात्र मिळाला. बखर समाप्त.